डोळ्यांचे डॉक्टर दम्याबद्दल का विचारतात?

काचबिंदूचं निदान झालं की डोळ्यांचे डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता थांबतात आणि विचारतात, "दमा आहे का? धाप लागते? नाडी मंद आहे असं कुणी सांगितलंय?" बऱ्याच जणांना हा प्रश्न उगाचच वाटतो. दुखणं डोळ्याचं, मग छातीची चौकशी कशाला? "नाही, तसं काही नाही," म्हणून ते मोकळे होतात आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात येतात. काउंटरच्या आतल्या बाजूला मी असतो. टिमोलॉल या काचबिंदूच्या थेंबांची बाटली काढून ठेवतो आणि समोरच्या काकांच्या शर्टाच्या खिशात निळा पंप दिसतो. "काका, दमा आहे हे डॉक्टरांना सांगितलंत का?" उत्तर ठरलेलं असतं. "दमा नाही रे, थंडीत जरा दम लागतो, तेवढ्यापुरता पंप घेतो."

अशा वेळी ती बाटली परत कपाटात जाते आणि मी डॉक्टरांना फोन लावतो. काकांना राग येतो, थांबावं लागतं, मागे रांग वाढते. पण त्या पाच मिलीच्या बाटलीतलं औषध दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतं. टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर गटातलं औषध आहे. रक्तदाबासाठी, छातीतल्या धडधडीसाठी ज्या ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या घरोघरी चालू असतात, त्यांचाच हा सख्खा भाऊ. हा गोळीतून न येता थेंबातून येतो, म्हणून त्याला कुणी मनावर घेत नाही. घरात "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर गोळ्यांची यादी तोंडपाठ असते, ड्रॉप्सचं नाव त्यात नसतं.

दाब कशाचा?

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा पातळ, स्वच्छ द्रव असतो. अश्रू वेगळे आणि हा वेगळा. अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला असतात, हा द्रव आत असतो. बुबुळाच्या मागे सिलिअरी बॉडी नावाचा एक कड्यासारखा अवयव आहे, तिथे तो तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि भिंगाचं पोषण करतो आणि बुबुळ व कॉर्निया जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरा होऊन रक्तात मिसळतो. दिवसा मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा चारशेवा भाग, इतका तो बनतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात मावतंच मुळी पाव मिलिलिटर. त्यामुळे दीड-दोन तासांत तिथलं सगळं पाणी बदललेलं असतं.

नळ चालू आणि मोरी अर्धवट तुंबलेली, असं झालं की जे होतं तेच इथे होतं. जाळीतून निचरा कमी झाला की दाब वाढतो. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा हा डोळ्याचा दाब ठीक समजला जातो. तो बराच काळ चढा राहिला तर डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. यालाच काचबिंदू म्हणतात. नजर कडेकडून जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत असते. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, टीव्ही पाहतो, आणि बाजूने आलेली दुचाकी मात्र त्याला दिसत नाही. मोतीबिंदूत भिंग बदललं की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर कशानेच परत येत नाही, उरलेली जपता येते. भारतात पाहण्या करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा हेच आढळलं आहे की ज्यांना काचबिंदू आहे त्यांतल्या बहुतेकांना तपासणी होईपर्यंत त्याचा पत्ताच नसतो.

दाब जास्त म्हणजे काचबिंदू आणि दाब नॉर्मल म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. काहींचा दाब २४-२५ असतो आणि नस धडधाकट असते. काहींचा १६ असतो आणि नस सुकत चाललेली असते. त्यात मापाचा घोळ आहे तो वेगळाच. दाब मोजताना कॉर्निया दाबून अंदाज घेतला जातो. कॉर्निया पातळ असेल तर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो, जाड असेल तर जास्त. नागपूरजवळच्या खेड्यांत सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नावाचं मोठं सर्वेक्षण झालं, त्यात तिथल्या प्रौढांच्या कॉर्नियाची जाडी सरासरी ५१४ मायक्रॉनच्या (अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त) आसपास निघाली. पाश्चात्त्य अभ्यासांतल्या सरासरीपेक्षा ही बरीच कमी आहे. म्हणजे आपल्याकडे "प्रेशर अठरा आहे, काही काळजी नाही" असं एका आकड्यावर म्हणणं धोक्याचं. नस कशी दिसते, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत काय आलं, कॉर्निया किती जाड, घरात आई-वडील-भावंडांपैकी कुणाला काचबिंदू होता का, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

नुसता दाब जास्त आहे, नस चांगली आहे, अशांनी थेंब घ्यावेत का? यावर अमेरिकेत १,६३६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. पाच वर्षांत, औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला आणि दाब कमी करणारे थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्याहून कमी झाला, हे खरंच. पण हेही बघा की औषध न घेता नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना पाच वर्षांत काही झालं नाही. म्हणून डॉक्टर एकाला लगेच थेंब देतात आणि त्याच दाबाच्या दुसऱ्याला "सहा महिन्यांनी या" म्हणतात. यात पक्षपात नसतो, दोघांचा धोका वेगळा असतो.

टिमोलॉल नेमकं काय करतं

निचऱ्याची जाळी दुरुस्त करणं टिमोलॉलला जमत नाही. ते पाणीच कमी बनू देतं.

आपल्या अंगात ॲड्रिनलिन आणि त्याच्यासारखी द्रव्यं फिरत असतात. पेशींवर त्यांना बसायच्या ठरावीक जागा असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. हृदयात प्रामुख्याने बीटा-१ असतात, तिथे ॲड्रिनलिन बसलं की ठोके वाढतात. श्वासनळ्यांत बीटा-२ असतात, तिथे बसलं की नळ्या सैल होऊन रुंद होतात. डोळ्यातल्या सिलिअरी बॉडीतही मुख्यतः बीटा-२ असतात, आणि तिथे बसलं की द्रव जास्त बनतो. बीटा-ब्लॉकर ही जागा आधीच अडवून ठेवतो. पाणी कमी तयार होतं, निचरा आहे तेवढाच राहतो, आणि दाब सुमारे २० ते २५ टक्क्यांनी उतरतो. २८ चा दाब २१-२२ वर आला तर टिमोलॉलने आपलं काम चोख केलं असं समजायचं.

हे कळलं की थेंबांच्या वेळेचं कोडंही सुटतं. झोपेत अंगातलं ॲड्रिनलिन तसंही ओसरलेलं असतं आणि डोळ्यात पाणी बनण्याचा वेग दिवसाच्या जवळपास निम्म्यावर आलेला असतो. जे आधीच कमी झालंय ते टिमोलॉल आणखी काय कमी करणार? म्हणून रात्री त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. दिवसातून एकदाच घ्यायचा प्रकार, उदाहरणार्थ जेलसारखा घट्ट होणारा टिमोलॉल, सकाळी घालायला सांगतात तो यासाठी. शिवाय रात्री रक्तदाब आपोआप उतरतो. त्यात झोपताना बीटा-ब्लॉकर घातला तर तो आणखी उतरायचा आणि नसेला होणारा रक्तपुरवठा कमी पडायचा, अशीही भीती असते. साधे थेंब बहुधा सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने असतात. ०.२५ टक्के आणि ०.५ टक्के अशा दोन ताकदी मिळतात. आपल्याकडे सर्रास ०.५ टक्केच लिहिला जातो, खरं तर पुष्कळ जणांचं ०.२५ मध्ये भागू शकतं. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

हे औषध डोळ्यापर्यंत आलं कसं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल शोधलं. त्या कामासाठी त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. १९६७ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं की काचबिंदूच्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल शिरेतून दिलं तर डोळ्याचा दाबही उतरतो. मग थेंब का बनवू नयेत? बनवून पाहिले, तर प्रोप्रॅनोलॉल कॉर्नियाला बधिर करतं असं निघालं. बधिर डोळ्यात कचरा गेला, ओरखडा उठला तरी माणसाला कळत नाही, आणि हे थेंब तर वर्षानुवर्षं घालायचे. तो रस्ता बंद झाला. पुढे प्रॅक्टोलॉल आलं. ते बधिर करत नव्हतं, दाबही उतरवत होतं. पण त्याच्या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांत भयंकर प्रकार घडला. डोळे कोरडेठाक पडले, कॉर्नियावर व्रण आले, त्वचेवर चट्टे उठले, पोटातल्या आवरणालाही इजा झाली. १९७५ च्या सुमारास ते औषध सर्वसाधारण वापरातून काढून घ्यावं लागलं. एवढं होऊनही संशोधकांनी चिकाटी सोडली नाही. टिमोलॉल बधिर करत नाही, प्रॅक्टोलॉलसारखा घातही करत नाही आणि दाब चांगला उतरवतो, हे दिसल्यावर १९७८ मध्ये अमेरिकेत त्याच्या थेंबांना मंजुरी मिळाली. त्याआधी काचबिंदूवर मुख्य भर पिलोकार्पिनवर होता. दिवसातून चार वेळा घालायचं, बाहुली सुईच्या टोकाएवढी होणार, संध्याकाळी अंधुक दिसणार, कपाळ दुखणार. दिवसातून दोनदा घालायचा आणि नजर न बिघडवणारा थेंब आला तेव्हा डॉक्टर त्याच्यावर तुटून पडले यात नवल नाही.

मग दम्याच्या रुग्णांचे त्रास समोर येऊ लागले. मृत्यूंच्याही नोंदी झाल्या.

एका थेंबाचा प्रवास

डोळ्यात घातलेलं औषध छातीत कसं जातं? हिशेब सोपा आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत, अश्रू धरून, फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. त्यात आठ-दहा मायक्रोलिटर अश्रू आधीच बसलेले. म्हणजे थेंब पडताक्षणीच अर्धा जागेअभावी उपरा. काही गालावर ओघळतो. उरलेल्यातला मोठा भाग, आपण डोळा मिचकावला की, पापणीच्या आतल्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून अश्रुनलिकेत ढकलला जातो. ती नलिका नाकात उघडते. रडताना नाक वाहतं ते याच वाटेने, आणि काही थेंब घातल्यावर घशात कडवट चव येते तीही याच वाटेने. प्रत्यक्ष डोळ्याच्या आत जेमतेम थोडासा अंश शिरतो.

नाकाचं आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं आहे. तिथे पोचलेलं टिमोलॉल थेट रक्तात जातं. गोळी पोटातून गेली की आधी यकृताच्या तावडीतून जाते, तिथे बीटा-ब्लॉकरचा बराच भाग निकामी होतो आणि उरलेला हृदयाकडे जातो. नाकातून गेलेल्या औषधाला हा टोलनाका लागतच नाही. ०.५ टक्के टिमोलॉलच्या एका थेंबात सुमारे ०.२ मिलिग्रॅम औषध असतं. दोन्ही डोळ्यांत, दोन वेळा धरले तर दिवसाला ०.८ मिलिग्रॅम. आकडा किरकोळ दिसतो, पण बहुतेक सगळं न गाळता रक्तात जाणार, म्हणून तो किरकोळ राहत नाही. एका डोळ्यात टिमोलॉल घातलं तर दुसऱ्या डोळ्याचा दाबही थोडा उतरतो, हे औषध अंगभर फिरत असल्याचं ढळढळीत लक्षण.

निरोगी माणसाला यातलं काही जाणवत नाही. ज्याचा दमा किंवा जुनाट श्वसनविकार आहे त्याच्या श्वासनळ्या बीटा-२ च्या आधारावर उघड्या असतात. ती जागा अडली की नळ्या आवळतात. आणखी पंचाईत अशी की त्याच्या हातातला निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नेमका त्याच जागेवर काम करतो. जागा आधीच बळकावलेली असल्यामुळे पंपाचा जोर कमी पडतो. म्हणून दमा असेल तर टिमोलॉल नको, हा नियम आहे. "सध्या त्रास नाही", "लहानपणी होता, आता बरा झालाय" हेसुद्धा डॉक्टरांना सांगायचं. ठरवायचं त्यांनी.

हृदयाचं तसंच. नाडी मुळातच मंद असेल, हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा असेल, ज्याला डॉक्टर हार्ट ब्लॉक म्हणतात, किंवा हृदयाचा पंप अशक्त होऊन सूज येत असेल, तर टिमोलॉलने ठोके आणखी मंदावतात. म्हातारं माणूस सकाळी उठून बाथरूमला जाताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतं, माकडहाड किंवा खुबा मोडतो, घरचे म्हणतात वयच झालं आता. कुणाच्या डोक्यातही येत नाही की सहा महिन्यांपूर्वी डोळ्याचे नवे थेंब सुरू झालेत. वृद्ध माणसाला चक्कर येऊ लागली तर नाडी मोजा आणि ड्रॉप्सची बाटली फिजिशियनच्या टेबलावर ठेवा.

इथे माझी एक जुनी तक्रार आहे. एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. एक रक्तदाबाची, त्यात मेटोप्रोलॉल, शिवाय डिल्टिअझेम. दुसरी डोळ्यांची, त्यात टिमोलॉल. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त एकाने दुसऱ्याची चिठ्ठी पाहिलेली नसते. आधीच बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर थेंबांचा दाबावरचा फायदा कमी मिळतो आणि त्रासाची शक्यता मात्र वाढते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. व्हेरापामिल आणि डिल्टिअझेम या रक्तदाबाच्या औषधांनीही ठोके मंदावतात. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशी नैराश्यावरची काही औषधं यकृतात टिमोलॉलची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेला अडवतात, त्यामुळे टिमोलॉल रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. मधल्या माणसाने, म्हणजे औषधविक्रेत्याने, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या तर हे सापडतं. पण तुम्ही एक चिठ्ठी एका दुकानात आणि दुसरी ऑनलाइन भरत असाल तर ते कुणालाच सापडणार नाही.

मधुमेहींसाठी एक खास गोष्ट. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम खाली गेली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, आणि तो पटकन साखर तोंडात टाकतो. बीटा-ब्लॉकर ही धडधड आणि थरथर दाबून टाकतो. घाम मात्र दबत नाही. म्हणून टिमोलॉल चालू असलेल्या मधुमेहीने अचानक आलेला दरदरून घाम साखर उतरल्याची खूण समजावी. थायरॉइड वाढल्याची धडधडही अशीच झाकली जाते. मायस्थेनिया नावाच्या स्नायूंच्या आजारात अशक्तपणा वाढू शकतो. तान्ह्या बाळांत तर एका थेंबाने श्वास थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून त्यांना हे औषध फार जपून, कमी ताकदीत आणि देखरेखीखाली देतात. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर तेही सांगा.

थकवा, मरगळ, वाईट स्वप्नं, पुरुषांत लैंगिक अडचण, अशा तक्रारीही काही जण करतात. प्रत्येक वेळी दोष थेंबांचाच असतो असं नाही. पण डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर हे बोलायचं असतं हेच लोकांना माहीत नसतं, आणि सुनेला किंवा मुलाला बरोबर घेऊन गेल्यावर तर आजोबा यातली शेवटची गोष्ट कधीच काढणार नाहीत. डॉक्टरांना एकट्याने भेटा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या.

आता दिलाशाची गोष्ट. नाकात जाणारं औषध बरंच अडवता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. हात धुवा. मान मागे टाका. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा म्हणजे खोबण दिसेल. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला न टेकवता एकच थेंब त्यात पडू द्या. मग डोळा सावकाश मिटा, गच्च नाही. मिचकावू नका. तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला लागून ठेवा आणि दोन-तीन मिनिटं हलकं दाबून धरा. तिथेच ती अश्रुनलिकेची तोंडं आहेत. बरोबर जागी बोट बसलं तर रक्तात जाणारं औषध निम्म्याहून जास्त कमी होतं, आणि डोळ्याच्या आत जायला त्याला सवडही मिळते. डोळा चोळणं, नाकपुडी किंवा भुवई दाबून बसणं, याचा काही उपयोग नाही. दुसरा कुठला ड्रॉप असेल तर तो पाच-दहा मिनिटांनी घाला, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा आणि पंधरा मिनिटांनी लावा, कारण बाटलीतलं बेन्झाल्कोनियम नावाचं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लेन्समध्ये शोषलं जातं. ज्यांचे डोळे मुळात कोरडे असतात त्यांना त्याच परिरक्षकाने चुरचुर होते, त्यांच्यासाठी परिरक्षक नसलेले थेंबही मिळतात.

"एक थेंब आत गेला की नाही कळलं नाही, म्हणून तीन-चार घालतो," असं सांगणाऱ्या मावशी आठवड्याला एक तरी येतातच. मावशी, दुसरा थेंब ठेवायला डोळ्यात जागाच नाही, तो नाकात चाललाय. पाच मिलीच्या बाटलीत साधारण सव्वाशे थेंब निघतात. दोन डोळे, दोन वेळा, म्हणजे दिवसाला चार. बाटली महिनाभर पुरायला हवी. पंधरा दिवसांत संपत असेल तर हात चुकतोय, आणि दोन महिने टिकत असेल तर थेंब चुकतायत. उघडल्यावर साधारण महिन्याने उरलेलं टाकून द्यायचं असतं, तेव्हा उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहून ठेवा.

टिमोलॉलचे दिवस सरले का? पूर्वीसारखं पहिलं स्थान त्याचं राहिलेलं नाही. १९९६ मध्ये लॅटॅनोप्रॉस्ट आलं. ते निचरा वाढवून दाब टिमोलॉलपेक्षा थोडा जास्त उतरवतं, रात्रीही काम करतं, दिवसातून एकदाच लागतं आणि छातीला त्रास देत नाही. त्याचे नखरे वेगळे आहेत, पापण्यांचे केस लांब-दाट होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते, आणि न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. याशिवाय निचऱ्याच्या जाळीवर करायचं एसएलटी नावाचं लेझर आहे. २०१९ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानंतर अनेक डॉक्टर थेंबांच्या आधीच लेझर सुचवू लागले आहेत.

तरी टिमोलॉल हटलेलं नाही. ते स्वस्त आहे, फ्रिज मागत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. काचबिंदूत दाब उतरवण्याचा फायदा होतो का, हे औषध न दिलेल्या गटाशी तुलना करून तपासणारा स्वीडनमधला गाजलेला अभ्यास बीटा-ब्लॉकरवरच झाला होता. त्यात २५५ रुग्ण होते. निम्म्यांना बीटॅक्सोलॉलचे थेंब आणि लेझर, निम्म्यांना काहीच नाही. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत उपचार घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, न घेणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा. दाब एक मिलिमीटरने उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, हे गणितही तिथूनच आलं. ४५ हा आकडाही विसरू नका. थेंब घालूनही तपासण्या चुकवून चालत नाही.

बीटॅक्सोलॉल मुख्यतः बीटा-१ अडवतं, म्हणून फुप्फुसांना टिमोलॉलपेक्षा कमी त्रास देतं, पण दाबही थोडा कमीच उतरवतं. दमा आहे म्हणून बिनधास्त ते घ्या, असं मात्र कुणी म्हणणार नाही.

टिमोलॉल आज सर्वांत जास्त भेटतं ते जोडऔषधात, म्हणजे एकाच बाटलीत काचबिंदूच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीला. डॉर्झोलामाइडबरोबर, ब्रिमोनिडिनबरोबर, लॅटॅनोप्रॉस्ट किंवा बायमॅटोप्रॉस्टबरोबर. कंपनीच्या नावात टिमोलॉलचा मागमूस नसतो, फार तर शेवटी "टी" असतो. म्हणून दमेकऱ्याने मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचं बारीक अक्षर वाचायचं, किंवा आमच्याकडून वाचून घ्यायचं. एका बाटलीत टिमोलॉल आणि दुसऱ्या जोडबाटलीतही टिमोलॉल, असा दुहेरी डोस झालेलाही मी पाहिला आहे. जाता जाता, कुणी नेमबाजीच्या किंवा धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरत असेल तर लक्षात घ्या, हात स्थिर करतात म्हणून या खेळांत बीटा-ब्लॉकरवर बंदी आहे आणि त्यातून थेंबांनाही सूट नाही. आधी रीतसर वैद्यकीय परवानगी काढावी लागते.

हे वाचून कुणी उद्या सकाळी बाटली कचऱ्यात टाकू नये. दमा असून टिमोलॉल चालू आहे असं लक्षात आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पर्याय पुष्कळ आहेत आणि ते बदलून देतात. बाकीच्यांनी आपल्या मनाने थांबवलं तर टिमोलॉलचा परिणाम काही आठवड्यांत पुसला जातो, दाब परत चढतो, आणि चढलेला दाब दुखत नाही, म्हणून काही बिघडलंय हे कळतही नाही. उलटंही होतं. थेंब नेमाने चालू असताना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांत त्याचा जोर ओसरतो. ते फक्त दाब मोजूनच समजतं. डोळे लाल झाले म्हणून मागच्या वेळचे स्टिरॉइडचे थेंब मनाने घालणं तर काचबिंदूच्या माणसाने पूर्ण बंद करावं, ते दाब चढवतात.

आणखी एक, कारण हा घोटाळा फार जण करतात. तपासणीला जायच्या दिवशी सकाळचा थेंब मुद्दाम घालत नाहीत, "खरं प्रेशर कळू दे" म्हणून. डॉक्टरांना नेमकं उलट हवं असतं. औषध चालू असताना दाब किती राहतो हे त्यांना बघायचं असतं, त्यावरून पुढची चिठ्ठी ठरते. तेव्हा रोजच्या वेळेला थेंब घाला, किती वाजता घातला ते लक्षात ठेवा आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या त्याच पिशवीत घेऊन जा. पंप घेत असाल तर पंपसुद्धा.